गार असताना वाजतंय, का तापल्यावर?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शनिवारी संध्याकाळी लेथ मशीनं एकेक करून थांबतात, शटर खाली येतात, आणि दिवसभर त्या घरघरीखाली दबलेले बारीक आवाज ऐकू यायला लागतात. अशा वेळी एका लहानशा गॅरेजात एक यामाहा आर-एक्स 100 स्टँडवर उभी होती. हेडलाइट काढलेला, मागचा मडगार्ड कापून आखूड केलेला, दोन्ही चाकांना बटन टायर. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरमाच्या ट्रॅकवर तिची रेस होती. प्रवेश फी भरलेली, नंबरप्लेट चिकटवलेली, गावाकडची आठ-दहा पोरं टेम्पोनं बघायला येणार म्हणून ठरलेलं.

गाडी चौथ्या किकेला चालू झाली. दोन महिन्यांपूर्वी ती दुसऱ्या किकेला व्हायची.

ज्यांना सगळी गल्ली मामा म्हणते त्या मिस्त्रींनी टाकीवर हात ठेवला, मान जरा कलती केली आणि बराच वेळ नुसतं ऐकलं. इंजिनाच्या फटफटीच्या आत एक दुसरा आवाज होता, डब्यात सुपारी हलवावी तसा. मामांनी पोराकडे बघून एकच प्रश्न विचारला, "गार असताना वाजतंय, का तापल्यावर?"

पोरगा पंचवीस-सव्वीसचा. उत्तर त्याला ठाऊक होतं, दोन आठवड्यांपासून ठाऊक होतं. "गार असताना जास्त," तो म्हणाला, आणि मग थोडं थांबून, "पण गेल्या रविवारी तापल्यावर पण वाजलं, मामा. फुल रेसला."

या एका प्रश्नात इंजिनाची अर्धी परीक्षा होते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि ज्या सिलिंडरमध्ये तो वरखाली धावतो त्याची आतली भिंत बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून गार इंजिनात दोघांमध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. नव्या बोअरला ती मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी, केसाच्या जाडीहूनही कमी. घासून घासून फट वाढली की गार पिस्टन भिंतीवर डोलतो, आपटतो, वाजतो. इंजिन तापलं की फुगून जागा भरतो आणि आवाज मिटतो. हा आवाज म्हातारपणाचा आहे, मरणाचा नाही. पण जो आवाज गाडी तापल्यावर, मूठ पिळल्यावर, चढावर ताण पडल्यावर येतो, तो पिस्टनचा नसण्याची शक्यता मोठी. तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगकडून येत असेल, तर पुढे काय होईल ते सांगता येतं, फक्त केव्हा ते सांगता येत नाही.

आर-एक्स 100 भारतात 1985 च्या अखेरीस आली आणि 1996 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज ट्रॅकवर उतरणारी सगळ्यांत तरुण आर-एक्स 100 सुद्धा तिशीच्या आसपास आहे. तिचा सिलिंडर 50 मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव 50 मिलिमीटर लांब; त्यातून 98 सीसी होतात आणि कंपनीच्या आकड्यांप्रमाणे 7,500 फेऱ्यांना 11 हॉर्सपॉवर. हा 7,500 चा आकडा आपण मिनिटाच्या हिशेबात ऐकतो म्हणून त्याचं काही वाटत नाही. सेकंदाचा हिशेब केला की तो खरा दिसतो. एका सेकंदात 125 फेऱ्या. प्रत्येक फेरीत पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली क्षणभर पूर्ण थांबतो, म्हणजे सेकंदाला अडीचशे वेळा थांबून अडीचशे वेळा पुन्हा सुटतो. दहा मिनिटांच्या रेसमध्ये पाऊण लाख फेऱ्या. बेअरिंगमध्ये कागदाएवढी ढिलाई असेल तर प्रत्येक फेरीत तिथे हातोडा बसतो.

आणि रेसच्या गाड्या कंपनीच्या आकड्यावर थांबत नाहीत. पोर्ट घासलेले, हेड तासलेलं, सायलेन्सर बदललेला. त्या याहून पुष्कळ वर जातात.

या झिजेचं मूळ बहुतेक वेळा वेगात नसतं, धुळीत असतं. मुरूम उडाला की त्यात वाळूचे, गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटी बिडाहून कठीण. एअर फिल्टरचा फोम ऑइलमध्ये नीट भिजवलेला नसेल, किंवा त्याच्या रबराची कडा एका जागी उचलली असेल, तर प्रत्येक श्वासाला ते कण आत जातात, ऑइलमध्ये मिसळतात आणि रिंग व भिंत यांच्यामध्ये पॉलिश पेपरचं काम करतात. ट्रॅकवर टँकरनं पाणी मारतात ते फक्त प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी नाही. पहिल्या तीन-चार जणांत असणाऱ्याला स्वच्छ हवा मिळते; मागे पडलेल्याची गाडी पुढच्या सगळ्यांची धूळ खाते. ज्याच्याकडे सुटे भाग घ्यायला पैसे कमी, तोच बहुधा मागे असतो आणि त्याचंच इंजिन लवकर झिजतं. या खेळातली ही गोष्ट फार थोडे लोक बोलून दाखवतात.

पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जानेवारी 2024 मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली तेव्हा परदेशी स्वार आणि 250, 450 सीसीच्या खास शर्यतीच्या गाड्या लोकांनी जवळून पाहिल्या. अशा गाड्यांचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांमध्ये मोजतात. हँडलजवळ छोटं तासमापक असतं. ठरलेले तास भरले की पिस्टन बदलायचा, तो वाजो न वाजो. तिथे निर्णय आधीच घेऊन ठेवलेला असतो, शनिवारी रात्री कोणाला कपाळाला हात लावून बसावं लागत नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूरकडे स्वतःच्या खिशातून रेस खेळणाऱ्या पोरांचं तासमापक म्हणजे त्यांचा कान आणि मामांसारख्यांचा हात.

मामांनी प्लग काढला, त्या भोकात कॉम्प्रेशन गेज बसवला. मूठ पूर्ण उघडी धरून पोरानं किका मारल्या, काटा चढायचा थांबेपर्यंत. दोन महिन्यांपूर्वी याच गेजवर 128 आले होते. आता 104. गेज-गेजमध्ये फरक असतो, म्हणून एकट्या आकड्याला अर्थ थोडा. त्याच गेजवर त्याच गाडीचा आकडा किती उतरला, याला अर्थ फार. मग मामांनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा किका मारायला लावल्या. काटा 120 च्या पुढे गेला. ऑइलनं फट तात्पुरती बुजली, म्हणजे गळती रिंग आणि बोअरमधूनच होती. आर-एक्ससारख्या टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे हेडमधले व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे दुसरा संशयित तसा नव्हताच.

पण गेज रॉडबद्दल काही सांगत नाही. फोर-स्ट्रोक गाडी असती तर ऑइल काढून पांढऱ्या कपड्यावर ओतलं असतं, त्यात चकाकी दिसते का बघितलं असतं, ड्रेन प्लगला चिकटलेला कीस बोटांत चोळून पाहिला असता. टू-स्ट्रोकच्या क्रँकला स्वतःचं ऑइल नसतं. पेट्रोलबरोबर आलेलं ऑइल बेअरिंगला भिजवतं आणि सायलेन्सरमधून निघून जातं. साक्ष देणारा मागे कोणी उरत नाही. म्हणून मामांनी हेड उतरवलं, पिस्टन वर आणला आणि दोन्ही अंगठ्यांनी हळूच दाबला. पुन्हा दाबला. डोळे मिटून तिसऱ्यांदा दाबला.

"हाय," ते म्हणाले. "थोडं हाय. वरचं बेअरिंग हाय का खालचं, ते सिलिंडर खोलल्याबिगर न्हाई कळायचं."

सिलिंडर उतरवायला अर्धा तास लागला असता. पण उतरवून पुढे काय? लेथवाला घरी गेलेला. रात्रीतून कोणाला विनवून बोअर मारून आणला आणि नवा पिस्टन बसवला, तरी त्या इंजिनाला आधी रनिंगला द्यावं लागतं. हळूहळू, गरम-गार करत. ताज्या बोअरवर सकाळी फुल रेस मारली तर पिस्टन फुगून जागच्या जागी सीज होतो. म्हणजे रात्रीतून दुरुस्ती हा मार्गच नव्हता. उरले दोन: आहे तशी उतरवायची, नाहीतर उतरवायची नाही.

अशा वेळी मन तिसरा मार्ग काढतं, आणि तोच सगळ्यांत धोक्याचा. पोरगा म्हणाला, "एक हीट चालवतो. वाजलं तर बाहेर येतो. जेट एक नंबर मोठा घालू, ऑइल वाढवू." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं, आणि कमी पेट्रोलवर इंजिन जास्त तापतं. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं जातं. आणि 'हळू चालवतो' हे वाक्य गेट पडेपर्यंतच खरं असतं. शेजारी दहा-बारा गाड्या एकदम ओरडतात, पहिला कोपरा अरुंद असतो, आणि मूठ आपोआप शेवटापर्यंत पिळली जाते. ज्याची पिळली जात नाही तो रेसर नव्हे. त्याचा यात दोष नाही. पण म्हणूनच तो निर्णय स्टार्ट लाइनवर घेता येत नाही. तो गॅरेजात, गाडी बंद असतानाच घ्यावा लागतो.

मातीतल्या शर्यतींचा जुना इतिहास इंग्लंडकडे जातो. 1924 च्या मार्चमध्ये सरे परगण्यातल्या कॅम्बरलीजवळ रस्ता सोडून टेकड्यांतून मोटारसायकली पळवण्याची स्पर्धा झाली, तिथून या खेळाची सुरुवात मोजतात. पण मातीवर जीव टाकून पळणं आणि पळवणं कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना इंग्लंडकडून शिकावं लागलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या बंदीनंतर बैलगाडी शर्यती थांबल्या, आणि डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयानं परवानगी दिल्यावर त्या पुन्हा भरू लागल्या. त्या मैदानात उतरणारा मालक शर्यतीच्या आधी बैल कसा चालवून बघतो ते पाहण्यासारखं असतं. एक पाय जरा हलका टेकला, वैरण नेहमीसारखी ओढून खाल्ली नाही, तर तो बैल दाव्यालाच राहतो. मुका जीव सांगू शकत नाही, म्हणून आपण बघायचं, हे तिथे रक्तात आहे. मामांचे वडील बैल बाळगून होते. अंगठ्यानं पिस्टन दाबताना त्यांचे मिटलेले डोळे कुठून आले, हे समजायला तेवढं पुरे.

गाडी मात्र बैलाहूनही मुकी. बैल दुखलं तर पाय आखडतो. माणूस दुखलं तर ओठ चावतो आणि पुढे जातो. इंजिन यांतलं काहीच करत नाही.

हा फरक 2019 च्या डकार रॅलीत फार स्पष्ट दिसला. त्या वर्षी रॅली पेरूच्या वाळवंटात होती, एकूण दहा टप्प्यांची. अमेरिकेचा रिकी ब्रॅबेक होंडावर सर्वांच्या पुढे होता. आठव्या टप्प्यात त्याचं इंजिन गेलं, आणि ती आघाडी वाळूत थांबली. ती रॅली जिंकली ऑस्ट्रेलियाच्या टोबी प्राइसनं, केटीएमवर, आणि त्याच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलेलं होतं. मोडक्या मनगटाचा माणूस जिंकला आणि धडधाकट माणूस मोडक्या इंजिनासकट घरी गेला. वेदनेला समजावता येतं, तिच्याशी सौदा करता येतो. धातू सौदा करत नाही. स्वाराची हिंमत इंजिनाच्या खात्यावर जमा होत नाही. आपल्याकडे तरुण पोरांना 'हिंमत असेल तर उतर' म्हणताना हीच गल्लत होते. ज्याचं धैर्य मोजायचं तो आणि ज्याची झीज मोजायची ते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ब्रॅबेक पुढच्याच वर्षी, 2020 मध्ये, सौदी अरेबियात मोटारसायकल गटात डकार जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला आणि केटीएमची सलग अठरा विजयांची साखळी तुटली.

दुसरं उदाहरण डांबरी ट्रॅकवरचं आहे, पण इथे आणल्याशिवाय राहवत नाही. 22 मे 2016, इटलीतलं मुजेलो. सकाळच्या सरावात यामाहाच्या होर्हे लोरेन्झोचं इंजिन बसलं. दुपारी रेसमध्ये त्याच संघाचा व्हॅलेंटिनो रॉसी, स्वतःच्या देशातल्या हजारो पिवळ्या झेंड्यांसमोर, लोरेन्झोच्या पाठीला लागलेला असताना त्याच्या गाडीतून पांढरा धूर निघाला आणि संपलं. रेस जिंकली लोरेन्झोनं, मार्क मार्केझच्या 0.019 सेकंद पुढे. ज्याचं इंजिन सकाळी, हरायला काहीच नसताना गेलं, तो जिंकला. गॅरेजात सापडलेली झीज ही वाईट बातमी वाटते, पण ती आधी मिळालेली बातमी असते. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत संघांपैकी एकालाही ती दुपारच्या गाडीबद्दल मिळाली नाही. उद्यमनगरातल्या पोराला ती शनिवारी संध्याकाळी सात वाजता मिळाली होती.

प्रश्न फक्त हरण्या-जिंकण्याचा असता तर 'चालव, बंद पडली तर पडली' म्हणणं चुकीचं ठरलं नसतं. पैसे पोराचे, इंजिन पोराचं. पण मातीच्या ट्रॅकवर उड्या असतात. उडीच्या चढावर इंजिनानं ओढ सोडली तर गाडीचं नाक खाली जातं आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. हवेत असताना मागचं चाक अचानक अडकलं तरी तेच: फिरत्या चाकाचा जोर गाडीच्या अंगात शिरतो आणि पुढचं टोक खाली ढकलतो. टू-स्ट्रोक चालवणारे जुने लोक डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवायचे, इंजिन अडकलं तर त्याच क्षणी चाक मोकळं करता यावं म्हणून. सवय उत्तम आहे. पण सेकंदाला 125 फेऱ्या करणारी वस्तू थांबते तेव्हा बोटांना मिळणारा वेळ डोळ्याची पापणी लवण्याएवढाही नसतो.

आणि उडीच्या पलीकडे पडलेला माणूस मागून येणाऱ्याला दिसत नाही. पिवळा झेंडा हलवणारा मार्शल तिथे उभा असतो, त्याचा हात वर जायला एक क्षण लागतो, आणि त्या एका क्षणात मागचा हवेत गेलेला असतो. त्या मागच्याचा या बेअरिंगशी काय संबंध? त्यानं गेज पाहिलेला नाही, आवाज ऐकलेला नाही, त्याला कोणी विचारलेलं नाही.

परवानगी असलेल्या स्पर्धांमध्ये रेसआधी गाड्यांची तपासणी होते. ब्रेक, किल स्विच, हँडलची टोकं, फूटरेस्ट, हेल्मेट, ऑइलची गळती, सगळं बघतात आणि कमी असेल तर गाडी परत पाठवतात. पण तपासनीस सिलिंडर उघडत नाही; उघडणं शक्यही नाही. इंजिनाच्या पोटात काय चाललं आहे हे स्वार आणि त्याचा मिस्त्री एवढ्या दोघांनाच माहीत असतं. बाकी सगळे त्यांच्या शब्दावर ट्रॅकवर उतरतात.

पोरगा पायरीवर बसून राहिला. मग त्यानं गावाकडच्या मित्राला फोन लावला आणि टेम्पो आणू नका म्हणून सांगितलं. हे सांगायला त्याला गाडी न उतरवण्याचं ठरवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. प्रवेश फी परत मिळणार नव्हती. रविवारी तो तरीही ट्रॅकवर गेला, गल्लीतल्याच दुसऱ्या एका पोराच्या गाडीचं स्टँड धरायला, चेनवर ऑइल मारायला, आणि दोन हीटच्या मध्ये त्याच्या एअर फिल्टरचा फोम बदलून द्यायला. हा फोम त्यानं रात्रीच ऑइलमध्ये भिजवून पिशवीत बांधून ठेवला होता.

सोमवारी सिलिंडर खोलला. बोअर 12 शतांश मिलिमीटर खाल्लेला होता. पिस्टनच्या बाजूला उभ्या रेघा पडल्या होत्या. वरचं, पिस्टनच्या पिनचं बेअरिंग ढिलं झालेलं. खालचं, ज्याची भीती होती ते, ठीक होतं. मामांनी रॉड पुन्हा पुन्हा वर-खाली ओढून पाहिला आणि सोडून दिला.

"दोन हीट निघाल्या असत्या बघ, कदाचित," ते म्हणाले.

पोरगा काहीच बोलला नाही.

"आज खोलल्यावर कळलं लेका. शनवारी ठावं होतं का आपल्याला?"

आर-एक्सचा पिस्टन मूळ मापानंतर चार वाढीव मापांत मिळतो: 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00. दर बोअरला सिलिंडर एक पायरी वर चढतो, आणि चार पायऱ्या संपल्या की त्याला नवा स्लीव्ह घालण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गाडी ट्रॅकवर सीज झाली असती तर भिंतीला खोल ओरखडे पडले असते आणि ते काढायला लेथवाल्याला एकदम शेवटच्या पायरीवर जावं लागलं असतं. ही गाडी 0.50 वर होती. मंगळवारी दुपारी ती 0.75 वर बोअर होऊन आली, नवा पिस्टन, नव्या रिंगा, वरचं नवं बेअरिंग. पुढचे दोन रविवार ती रंकाळ्याच्या बाजूच्या रस्त्यावर रनिंगला होती, मूठ अर्ध्याच्या वर न जाता.

त्या सिलिंडरला अजून एक बोअर शिल्लक आहे.